आधी आपला माळ, मग वाळवंट

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

विषय : डोंगरी सायकल शिकणाऱ्यांसाठी बेळगावजवळ खुणा केलेली सरावाची वाट असावी.

रविवारी पहाटे टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे फाटकापाशी थोडा वेळ उभे राहिले, तर हेल्मेट घातलेल्या सायकलस्वारांचे दोन-तीन घोळके सहज दिसतात. कोणी पिरनवाडीवरून जांबोटीच्या दिशेने निघालेले असते, कोणी राकसकोपच्या जलाशयाकडे, तर कोणी नुसते काकतीपर्यंत जाऊन चहाच्या वेळेला घरी परतणारे असते. अलीकडे या घोळक्यांत जाड टायरच्या आणि पुढच्या दांड्यांना शॉक-ॲब्सॉर्बर असलेल्या डोंगरी सायकली वाढू लागल्या आहेत, आणि त्यांच्याबरोबर 'डांबरी रस्ता पुरे झाला, आता डोंगरात जाऊ, वाळवंटात जाऊ' ही भाषाही वाढू लागली आहे. मी स्वतः याच मंडळींपैकी आहे. गेल्या जानेवारीत आम्ही पाच जण थरच्या वाळवंटात दोन दिवस सायकल चालवायला गेलो आणि आमच्यापैकी एकाचे हासळीचे हाड मोडून परत आलो. त्या दोन दिवसांत जे समजले ते माझ्यासारख्या इतरांना आधी कळावे आणि त्यावरून सुचलेली एक मागणी संबंधितांपर्यंत पोहोचावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पत्र थोडे लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

आमच्या मंडळींची ओळख आधी करून देतो. उद्यमबागेत माझे छोटे मशीन शॉप आहे आणि वय चोपन्न आहे. दुसरे मित्र एका शाळेत चित्रकला शिकवतात, तिसऱ्यांचे औषधांचे दुकान आहे, आणि चौथे शहापुरात चार पिढ्या कापडाचा व्यापार करणाऱ्या मारवाडी घरातले आहेत, ज्यांची मराठी माझ्यापेक्षा शुद्ध आहे. पाचवी होती औषधवाल्या मित्राची एकोणीस वर्षांची मुलगी. वाळवंटाची कल्पना अर्थातच कापडवाल्या मित्राची. बंगळूरहून निघून हुबळी, बेळगाव, मिरज, पुणे, अहमदाबाद असे करत जाणारी जोधपूरची थेट गाडी आपल्या स्टेशनावर थांबते. त्या गाडीने त्यांचे कुटुंब वर्षानुवर्षे गावी जाते-येते. शनिवार-रविवारच्या सायकलिंगसाठी जाण्यायेण्यातच तीन-चार दिवस घालवणे हा शहाणपणा आहे का, असे घरी विचारले गेले. तेव्हा त्याचे उत्तर नव्हते, आजही नाही.

जैसलमेरकडच्या एका आयोजकाकडे आम्ही नाव नोंदवले. सायकली त्यांच्याच होत्या. नोंदणीच्या अर्जात एक रकाना होता : डोंगरी सायकलीचा अनुभव किती? त्यापुढे तीन पर्याय होते, 'नाही', 'थोडा' आणि 'चांगला'. आम्ही चारही मोठ्या माणसांनी 'चांगला' यावर खूण केली. त्यात खोटे बोलण्याचा हेतू नव्हता, आणि मला तर तीच गोष्ट अधिक काळजीची वाटते. गेली चार-पाच वर्षे आम्ही जांबोटी, कणकुंबी करत चोर्ल्याच्या माथ्यापर्यंत जाऊन आलो होतो, पावसात गेलो होतो, धुक्यात गेलो होतो. दम होता, पायात ताकद होती. डांबरावरचा हा सगळा अनुभव खडकाळ उतारावर जवळजवळ शून्य असतो, हे आम्हाला ठाऊक नव्हते. मुलीने मात्र 'नाही' यावर खूण केली, आणि वडिलांनी तिला गाडीतच त्यावरून चिडवले.

थर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सिनेमातल्या वाळूच्या टेकड्या येतात. तशा टेकड्या जैसलमेरच्या पश्चिमेला साधारण चाळीस किलोमीटरवर समच्या बाजूला आहेतही. पण त्यांच्या आधीचा बराचसा मुलूख दगडी आहे. तिकडे त्या खडकाळ उंचवट्याला मगरा म्हणतात. पिवळसर दगडाचे पसरट थर, त्यावर सुटी खडी, मध्येच पाण्याने कोरलेली घळ, आणि घळीच्या तळाशी अचानक हातभर खोल वाळू, असा तो प्रदेश आहे. पहिल्या दिवशी कुलधरा या ओसाड गावाच्या परिसरातल्या शेळ्या-उंटांच्या पायवाटांवरून जायचे होते. पालीवाल ब्राह्मणांनी सोडून दिलेले ते गाव आता पर्यटक पाहायला जातात, पण माझे लक्ष त्यांच्या खडीनांनी वेधून घेतले. खडकाळ उंचवट्यावर पडलेले पावसाचे पाणी उताराने खाली येते, ते लांबलचक मातीच्या बांधाने अडवायचे, जमिनीत जिरू द्यायचे, आणि त्या ओलीवर हिवाळ्यात गहू-हरभरा घ्यायचा, अशी ती पद्धत पालीवालांनी पंधराव्या शतकापासून वापरली. वर्षाला जेमतेम दोनशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात हिरवा हरभरा उभा पाहिला, म्हणजे कणकुंबीच्या पावसात वाढलेल्या आपल्या डोळ्यांना तो चमत्कारच वाटतो. आमच्या वाटाड्याने तेथे एकच गोष्ट कडक शब्दांत सांगितली, ती म्हणजे बांधावरून सायकल न्यायची नाही. ती सूचना योग्यच होती. बाकीच्या सूचना मात्र त्याने दिल्या नाहीत, आणि आम्हीही विचारल्या नाहीत, कारण आम्ही अर्जावर 'चांगला' लिहून बसलो होतो.

आता अपघाताबद्दल. एका मगऱ्यावरून खाली उतरणारी वाट होती. चढ फार नव्हता, उतारही तसा तीनचार पुरुष उंचीचाच असेल. पण मध्ये दोन ठिकाणी दगडाच्या पायऱ्या होत्या आणि पायऱ्यांच्या खाली सुटी खडी. वाटाड्या जोरात चालवणाऱ्या दुसऱ्या गटाबरोबर किलोमीटरभर पुढे गेला होता. आमचे चित्रकला शिक्षक मित्र सर्वांत पुढे होते. पहिल्या पायरीपाशी त्यांना वेग जास्त वाटला, त्यांनी ब्रेक दाबला, आणि ते हँडलवरून पुढे फेकले गेले.

हे का घडले, ते मी थोडे सविस्तर लिहितो, कारण माझा धंदा यंत्रांचा आहे आणि यात दैवाचा भाग फार थोडा आहे. आपल्याकडच्या सायकलींना उजव्या हाताकडे पुढचा ब्रेक असतो. बहुतेकांचा उजवा हात जोराचा, त्यामुळे घाबरल्यावर तोच आधी आवळतो. आमची पिढी सळईच्या ब्रेकच्या काळ्या सायकलींवर वाढली. त्या सायकली थांबवायच्या तर पूर्ण मूठ आवळावी लागे, आणि तरीही त्या आपल्या मर्जीनेच थांबत. आताच्या डिस्क ब्रेकला एक बोट पुरते. हाताला सवय मात्र अजून मुठीचीच असते. ब्रेक दाबला की सायकलीचा आणि स्वाराचा भार पुढच्या चाकाकडे सरकतो, हे सपाट रस्त्यावरही घडते. उतारावर तो भार आधीच पुढे आलेला असतो. त्यात स्वार सीटवर घट्ट बसून, हात ताठ करून राहिला असेल, आणि पुढचे चाक दगडी पायरीच्या कडेला अडलेले असेल, तर मागचे चाक उचलले जाऊन माणूस चाकाभोवती वळसा घेतल्यासारखा पुढे पडतो. वर्कशॉपमध्ये जड जॉब क्रेनने उचलताना साखळी गुरुत्वमध्याच्या मागे लावली तर जॉब नाकावर कोसळतो, हे मी माझ्याकडच्या मुलांना शिकवतो. ते सायकलवर बसल्यावर मलाही आठवले नव्हते.

यावरचे उपाय साधे आहेत. उतार सुरू होण्याआधी सीट चार बोटे खाली करायची. त्यासाठी सीटखाली खटका दिलेला असतो आणि भाड्याच्या सायकलीलाही तो असतो. उतरताना सीटवर बसायचे नाही. दोन्ही पॅडल जमिनीला समांतर ठेवून त्यांवर उभे राहायचे, गुडघे आणि कोपरे सैल ठेवायचे, आणि उतार जितका तीव्र तितके कंबरेचे वजन मागे न्यायचे. वेग कमी करायचा तो दगडाच्या अलीकडे. दगडावर चाक चढल्यानंतर ब्रेकला हात लावायचा नाही. दोन्ही ब्रेक एका-एका बोटाने, हळूहळू आणि बरोबरीने दाबायचे. नजर पुढच्या चाकावर न ठेवता दहा-पंधरा फूट पुढे ठेवायची, कारण ज्या दगडाकडे आपण टक लावून पाहतो त्याच दगडावर चाक जाते. हा अनुभव प्रत्येक नवशिक्याला येतो आणि त्याला तो आपला एकट्याचाच दोष वाटतो. वाचायला दोन मिनिटे लागतात, पण शरीराला हे कळायला निदान पाच-सहा रविवार लागतात. ते रविवार आम्ही कधी दिलेच नव्हते.

मित्र पडले तेव्हा प्रथमोपचाराची पेटी आयोजकांच्या गाडीत होती आणि गाडी मुक्कामाच्या ठिकाणी निघून गेली होती. औषधवाल्या मित्राने पंचाची झोळी करून हात गळ्यात बांधला. मोबाइलला रेंज नव्हती. जवळच शेळ्या राखणारे एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी बरोबरच्या पोराला गावाकडे पिटाळले, आणि तासाभरात एक पिकअप गाडी आली. ती येईपर्यंत ते आमच्याजवळ बसून राहिले. त्यांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला, तो कापडवाल्या मित्राने आम्हाला उलगडून सांगितला : एवढी वाकडी वाट दिसत होती, तर उतरून चालत का नाही आलात? याचे खरे उत्तर असे होते की मागून येणाऱ्या तिघांसमोर उतरून चालण्याची लाज वाटली. पन्नाशीच्या माणसाने हे मान्य करणे अवघड आहे. तरी लिहितो, कारण रविवारच्या आपल्या घोळक्यांतही हीच लाज मी पाहतो. चढावर कोणी उतरून सायकल ढकलू लागला की मागून कोणीतरी हमखास आवाज देतो.

आयोजकांचे नाव मी येथे देत नाही, कारण अशी तक्रार त्या एकाच आयोजकाविषयी करता येईल असे मला वाटत नाही. अर्जावरची खूण खरी मानून नवख्या माणसाला खडकावर सोडायचे, एका वाटाड्यावर दहा-बारा माणसे द्यायची, आणि शेवटच्या माणसाच्या मागे कोणीही ठेवायचे नाही, या गोष्टी आपल्याकडच्या सहलींतही मी पाहिल्या आहेत. पहिल्या अर्ध्या तासात प्रत्येकाला एक छोटा उतार उतरायला लावला असता, तरी आमचे पितळ तिथेच उघडे पडले असते.

येथे त्या मुलीची गोष्ट सांगणे आवश्यक आहे. तिने 'नाही' लिहिले होते म्हणून वाटाड्याने तिला सकाळी वेगळे घेऊन वीस मिनिटे उतरायला शिकवले होते. आम्ही तोपर्यंत पोहे नाहीत म्हणून कुरकुरत चहा पीत बसलो होतो. संपूर्ण सहलीत ती एकदाही पडली नाही. जिथे जमणार नाही असे वाटले तिथे ती सरळ खाली उतरून चालली, आणि तरीही संध्याकाळी मुक्कामावर आमच्या आधी पोहोचली.

दुसऱ्या दिवशी हात झोळीत घेतलेले मित्र मुक्कामावर थांबले आणि डाव्या हाताने वाळूच्या लाटा रेखाटत बसले. आम्ही चौघे वाळूकडे गेलो. वाळूचा धडा वेगळा आहे आणि तो आपल्याकडे फारसा उपयोगी पडणार नाही, तरी दोन गोष्टी नोंदवतो. आमच्या सायकलींच्या टायरांत हवा दगडासारखी घट्ट भरलेली होती. मी ती अंगठ्याने टायर किंचित दबेल इतकी कमी केली. टायर पसरले, आणि चाक रुतण्याऐवजी निदान शंभर-दोनशे फूट सलग जाता येऊ लागले. वाळूत हँडल वळवायचे नाही, गिअर हलका ठेवायचा, वजन मागे ठेवून पाय थांबवायचे नाहीत. थांबलात की तिथेच खपलात. दुसरी गोष्ट साखळीची. निघताना कोणीतरी मायेने साखळीला भरपूर तेल घातले होते. वाळू ही बहुतांश गारगोटी, आणि गारगोटी साध्या पोलादापेक्षा कठीण. तेलात वाळू मिसळली की जी लापशी तयार होते ती आणि माझ्याकडे व्हॉल्व घासायला वापरतात ती पेस्ट यांत फारसा फरक नाही. संध्याकाळपर्यंत साखळीचा कुरकुर आवाज ऐकून माझे दात शिवशिवत होते. कोरड्या मुलखात साखळी पुसून, तेलाचा केवळ हात फिरवून ठेवावी.

पाण्याबद्दल मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण त्यात आम्ही केवळ एका माणसामुळे वाचलो. जानेवारीत जैसलमेरला सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो, सकाळी बोटे गारठतात, दुपारीही ऊन सुसह्य असते. अशा हवेत तहान लागल्याचे जाणवत नाही. बेळगावला जून-जुलैमध्ये सायकल चालवली की घाम अंगावर थबथबतो, आणि शरीरातून पाणी गेले हे डोळ्यांना दिसते. वाळवंटातल्या कोरड्या हवेत घाम आला तसा उडून जातो. सदरा कोरडाच राहतो आणि माणसाला वाटते की आपल्याला घामच आलेला नाही. प्रत्यक्षात तासाला अर्धा ते एक लिटर पाणी सहज जाते. आमच्या कापडवाल्या मित्राने निघतानाच प्रत्येकाच्या पाठीवर चार लिटर पाणी आणि मीठ-साखरेच्या पुड्या लादल्या होत्या. त्याला सायकलीतले काही कळत नाही, पण आजोबांकडून ऐकलेले पाण्याचे हिशेब त्याला पाठ आहेत. अपघातानंतरच्या तासाभरात ते पाणी नसते, तर प्रसंग हाडापुरता राहिला नसता.

आणखी एक छोटासा उल्लेख काट्यांचा. दोन दिवसांत आमची पाच पंक्चर झाली. त्यांपैकी तीन विलायती बाभळीच्या काट्याने आणि दोन आपल्या चांगल्या ओळखीच्या सराट्याने. येळ्ळूरच्या माळावर अनवाणी चाललेल्या प्रत्येकाला सराटा माहीत आहे. दोन हजार किलोमीटरवर तो भेटला तेव्हा गाववाला भेटल्यासारखे झाले. औषधवाल्या मित्राने एकाच चाकाची ट्यूब दोनदा बदलली, कारण काट्याचे टोक टायरमध्येच राहिले होते. नवी ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून सुती फडके फिरवावे. काट्याचे टोक असेल तिथे धागा अडकतो. बोट फिरवू नये, हे मी बोटाला पट्टी बांधून लिहीत आहे.

आता मूळ मागणीकडे येतो. आम्हाला थरमध्ये जे शिकायला दोन दिवस आणि एक हाड लागले, त्यातले बहुतेक सगळे बेळगावच्या दहा-पंधरा किलोमीटरच्या परिसरात शिकता आले असते. राजहंसगडाच्या उतारांवर सुटा मुरूम आहे, आणि सुट्या मुरमावर पुढचे चाक जसे सटकते तसेच ते मगऱ्यावरच्या खडीवर सटकते. पलीकडे देवरवाडीच्या वैजनाथ डोंगराच्या बाजूला दगडी पायऱ्यांच्या वाटा आहेत. कोरड्या खडकाची सवय करायची असेल तर जरा लांब, गोकाककडे वालुकाश्माचे कातळ आहेत. निसर्गाने सराव-मैदान दिलेले आहे; पण त्यांतली कोणती वाट नवशिक्याची, कोणती सरावलेल्याची आणि कोणत्या वाटेवर सायकल न्यायचीच नाही, हे सांगणारी एकही खूण माझ्या पाहण्यात नाही. परिणामी नवशिका एकतर डांबरावरच राहतो, किंवा जो सर्वांत धीट असेल त्याच्यामागून कुठेही उतरतो.

म्हणून जिल्हा प्रशासन, वनखाते, संबंधित ग्रामपंचायती आणि शहरातले सायकलस्वारांचे गट यांनी मिळून राजहंसगडाच्या परिसरात किंवा त्यांना सोयीच्या वाटेल अशा माळावर दोन-तीन किलोमीटरची एक वळसा घेणारी वाट निश्चित करावी, अशी माझी विनंती आहे. यासाठी फार पैसा लागत नाही. नवी वाट खणायचीही गरज नाही. असलेल्या पायवाटांपैकी योग्य त्या निवडून दगडांवर रंगाच्या खुणा केल्या तरी पुरे. परदेशांत अनेक ठिकाणी सोप्या वाटेला हिरवा गोल, मध्यम वाटेला निळा चौकोन आणि अवघड वाटेला काळा शंकरपाळीच्या आकाराचा चौकोन अशा खुणा वापरतात. त्या लहान मुलालाही कळतात. जिथे शब्दांत सूचना द्यावी लागेल तिथे ती कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत असावी. येथे यावरून वाद उकरून काढण्याची माझी इच्छा नाही. पुढे खोल उतार आहे हे वाचणाऱ्याला त्याच्या भाषेत वेळेवर कळावे, एवढाच मुद्दा आहे. अवघड उताराच्या वरच्या टोकाला, तो टाळून चालत खाली जाणारी एक पायवाटही त्याच फलकावर ठळक दाखवलेली असावी. उतरून चालणे हाही एक मार्ग आहे असे फलकावरच लिहिलेले असले, तर पन्नाशीच्या माणसाची लाज थोडी कमी होईल.

यात दोन अडचणी येतील, त्या आधीच सांगतो. पहिली पावसाची. जून ते सप्टेंबरमध्ये आपली तांबडी माती चाकाखाली लोण्यासारखी कापली जाते, तिथे चाकोरी पडते, चाकोरीतून पाणी वाहते आणि दोन पावसाळ्यांत वाटेचा ओढा होतो. त्यामुळे पावसाळ्यात ही वाट बंदच ठेवावी लागेल, आणि ती बंद ठेवण्याची शिस्त आपण सायकलस्वारांनी पाळली पाहिजे. दुसरी अडचण मोठी आहे, ती जमिनीची आणि तिच्यावर आधीपासून वावरणाऱ्यांची. येळ्ळूर, अनगोळ, शहापूरच्या शिवारात बासमतीच्या भाताचे बांध आहेत, माळावर गुरे चरतात, गवताचे भारे डोक्यावर घेऊन बायका येतात. कुलधऱ्याच्या वाटाड्याने खडीनाच्या बांधाबद्दल जो कडकपणा दाखवला, तोच येथेही हवा : बांधावर सायकल नाही, आणि समोरून माणूस किंवा जनावर आले तर सायकलस्वाराने उतरून बाजूला व्हायचे. जंगलात तर याहून जपले पाहिजे. थरमध्ये माळढोक जमिनीवर अंडी घालतो, म्हणून वाट सोडून भटकणाऱ्यांना तिथे मज्जाव असतो. आपल्याकडे खानापूर तालुक्यातले भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे, आणि परवानगीशिवाय तिथे सायकली घेऊन घुसण्याचे बेत जे अधूनमधून कानांवर येतात ते ऐकून वाईट वाटते. सरावाची एक रीतसर वाट असली, तर असे बेत करणाऱ्यांना दुसरे काही सुचवता तरी येईल.

सायकलस्वारांच्या गटांनाही एक विनंती आहे, आणि तिच्यासाठी कोणाच्याही परवानगीची वाट पाहावी लागणार नाही. पुढच्या हिवाळ्यात कोणाला डोंगरात किंवा वाळवंटात नेण्याचा बेत असेल, तर त्या माणसाच्या तोंडच्या किंवा अर्जावरच्या अनुभवावर विसंबू नये. त्याला आधी दोन रविवार माळावर आणावे आणि एक छोटा उतार आपल्या डोळ्यांसमोर उतरून दाखवायला सांगावे. तो कुठे ब्रेक दाबतो, सीटवर बसून राहतो की उभा राहतो, जमणार नाही तिथे उतरतो की नाही, हे पाहणाऱ्याला तिथल्या तिथे कळते. घोळक्याच्या शेवटी नेहमी एक जाणता माणूस असावा आणि प्रथमोपचाराची पेटी त्याच्याच पाठीवर असावी. आमच्या रविवारच्या मंडळींत आम्ही हे सुरू केले आहे. पहिल्याच रविवारी चोर्ला सर केलेले तीन गडी मुरमावर आडवे झाले, सुदैवाने केवळ ढोपरे फुटली.

फलकांचा खर्च हा मुद्दा पुढे येणार असेल, तर लोखंडी चौकटी आणि खांब मी माझ्या वर्कशॉपमध्ये विनामूल्य करून देईन. चित्रकला शिक्षक मित्रांचा हात झोळीतून बाहेर आला आहे. खडू धरता येऊ लागला आहे, ब्रश धरायला डॉक्टरांनी आणखी महिनाभर थांबायला सांगितले आहे. दोन्ही भाषांतले फलक रंगवण्याचे काम त्यांनी मागून घेतले आहे. जागा कोणती ते संबंधितांनी ठरवावे, म्हणजे पावसाळ्याआधी खांब रोवता येतील.

आपला,
एक नवशिका सायकलस्वार
टिळकवाडी, बेळगाव